तरुण शास्त्रज्ञ आणि सरकारी शाबासकी

२०२५ सालचा 'विज्ञानरत्न' पुरस्कार डॉ. जयंत नारळीकर यांना मरणोत्तर जाहीर झाला. त्या वर्षी मे महिन्याच्या २० तारखेला पुण्यात त्यांचे निधन झाले आणि ऑक्टोबर महिन्यात ही घोषणा झाली. महाराष्ट्रातल्या ज्या दोन-तीन पिढ्यांनी आकाशाची पहिली शास्त्रीय ओळख नारळीकरांच्या मराठी लेखनातून करून घेतली, त्यांना या बातमीने समाधान वाटले असेल आणि थोडी हळहळही वाटली असेल. मरणोत्तर सन्मानात असे काहीतरी उणे राहतेच. परंतु नारळीकरांच्या बाबतीत या देशाने एक गोष्ट वेळेवर केली होती, तिची आठवण या निमित्ताने करावयास हवी. १९६५ साली, ते केंब्रिजला काम करीत असताना, त्यांना पद्मभूषण देण्यात आले. तेव्हा त्यांचे वय २६ वर्षांचे होते. पुढे १९७२ साली ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९७८ साली, वयाच्या चाळिशीत, त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले आणि त्यानंतर दहा वर्षांनी पुण्यात त्यांनी 'आयुका'चा पाया घातला.

एकाच माणसाला मिळालेले हे सन्मान शेजारी शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे पुरस्कारांचे दोन प्रकार असतात हे स्पष्ट दिसते. एक झालेल्या कार्याची पावती असतो. तो चार वर्षे आधी दिला काय आणि नंतर दिला काय, कार्यात फरक पडत नाही. दुसरा व्हावयाच्या कार्यावर टाकलेला विश्वास असतो, आणि त्याला मात्र वेळ चुकवून चालत नाही. तरुण शास्त्रज्ञांसाठी असलेले राष्ट्रीय पुरस्कार या दुसऱ्या प्रकारात मोडतात. २०२२ पासून या पुरस्कारांची सारी घडी केंद्र सरकारने नव्याने बसविली आहे. मोठ्या मानकऱ्यांच्या नावांची चर्चा वर्तमानपत्रांत होते, ती व्हावीच. पण तरुणांच्या पुरस्काराचे काय झाले, हा प्रश्न आपल्या प्रयोगशाळांच्या आणि महाविद्यालयांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

भटनागर पारितोषिकाचा इतिहास या संदर्भात पाहण्याजोगा आहे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे पहिले प्रमुख डॉ. शांतिस्वरूप भटनागर १९५५ सालच्या पहिल्याच दिवशी वारले. त्यांच्या स्मरणार्थ १९५७ मध्ये हे पारितोषिक स्थापन झाले आणि १९५८ साली पहिले पारितोषिक डॉ. के. एस. कृष्णन यांना मिळाले. कृष्णन तेव्हा साठीला टेकलेले होते. रामन यांच्या १९२८ मधील शोधात त्यांचे सहकारी असलेल्या या थोर पदार्थवैज्ञानिकाला कोणी तरुण म्हटले नसते. म्हणजे आरंभी हे पारितोषिक तरुणांसाठी राखलेले नव्हते. नंतर मात्र त्याचे नियम असे घडत गेले की ते तरुणांचे झाले: वय ४५ च्या आत असावे, काम प्रामुख्याने भारतात झालेले असावे, आणि ते अलीकडच्या पाच वर्षांतले असावे. विज्ञानाच्या सात शाखांत प्रत्येकी फार तर दोन असे मानकरी निवडावयाचे. विक्रम साराभाईंना हे पारितोषिक १९६२ साली मिळाले, तेव्हा भारताचा पहिला अग्निबाण थुंबा येथून उडावयाचा होता. माधव गाडगीळ यांना ते १९८६ साली मिळाले. पश्चिम घाटावरील त्यांच्या अहवालाने देशभर वादळ उठले ते त्यानंतर पाव शतकाने. पारितोषिक देणाऱ्यांनी माणूस वेळेवर ओळखला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

ज्यांच्या नावाने हे पारितोषिक दिले जाते त्या भटनागरांची एक हकीकत येथे सांगितली पाहिजे. लाहोरच्या विद्यापीठात ते प्राध्यापक असताना एका तेल कंपनीचे काम अडले होते. विहीर खोदताना वापरला जाणारा चिखल खारट पाण्याशी संबंध येताच घट्ट होई आणि खोदकाम ठप्प होई. भटनागरांनी त्यात एक देशी डिंक मिसळण्याचा उपाय सुचविला आणि तो लागू पडला. या कंपनीशी संबंधित असलेल्या लंडनच्या स्टील ब्रदर्स या पेढीने खूश होऊन त्यांना दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळातले दीड लाख! भटनागरांनी ते स्वतःसाठी न घेता विद्यापीठाला देण्यास सांगितले आणि त्यातून पेट्रोलियम-संशोधनाचा विभाग उभा राहिला. बक्षिसाचा पैसा प्रयोगशाळेत गेला पाहिजे, हा संकेत त्यांनी स्वतःच्या वर्तनाने घालून दिला होता. पुढे येणाऱ्या पैशाच्या प्रश्नाकडे वळताना ही हकीकत उपयोगी पडणार आहे.

आता २०२२ मध्ये काय घडले ते पाहू. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात केंद्रीय गृह सचिवांच्या अध्यक्षतेखाली एक बैठक झाली आणि विज्ञानाशी संबंधित खात्यांनी आपापले पुरस्कार कमी करावेत, असे ठरले. एकट्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याच्या छत्राखाली लहानमोठे मिळून दोनशेहून अधिक पुरस्कार होते. एरवी २६ सप्टेंबरला, परिषदेच्या स्थापनादिनी, भटनागर पारितोषिकांची यादी जाहीर होत असे. त्या वर्षी ती झाली नाही. २०२२ ची नावे कळण्यासाठी २०२३ चा सप्टेंबर उजाडला, आणि त्याच महिन्यात 'राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार' ही नवी योजना सरकारने पुढे आणली. तीत चार पायऱ्या आहेत: आयुष्यभराच्या कार्यासाठी विज्ञानरत्न, विशेष कार्यासाठी विज्ञानश्री, ४५ वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांसाठी 'विज्ञान युवा-शांतिस्वरूप भटनागर', आणि एकत्र काम करणाऱ्या गटासाठी विज्ञान टीम. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पहिले पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते दिले गेले. जीवरसायनशास्त्रज्ञ गोविंदराजन पद्मनाभन विज्ञानरत्न ठरले, चांद्रयान-३ चा चमू सांघिक पुरस्काराचा मानकरी ठरला, आणि १८ जणांना युवा पुरस्कार मिळाला. त्यांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल हे होते. हिंदी महासागराचे वाढते तापमान आणि त्याचा आपल्या मोसमी पावसाशी असलेला संबंध हा त्यांचा विषय. जून महिन्यात आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या या राज्यात या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

या फेररचनेवर सरसकट टीका करणे न्यायाचे होणार नाही. पुरस्कारांचे तण फार माजले होते हे कोणीही प्रामाणिक शास्त्रज्ञ कबूल करील. कोणा संस्थेच्या माजी संचालकाच्या नावे एक पदक, कोणा देणगीदाराच्या तीर्थरूपांच्या नावे एक व्याख्यान, आणि वर्षानुवर्षे तीच चार मंडळी एकमेकांच्या गळ्यात हार घालीत आहेत, असे दृश्य अगदीच दुर्मिळ नव्हते. आपल्या साहित्यक्षेत्राशी परिचित असलेल्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही! नव्या योजनेत विषयांची कक्षाही रुंदावली. भटनागर पारितोषिकाच्या सात शाखांच्या जागी आता तेरा क्षेत्रे आली. शेतीविज्ञानाला स्वतंत्र स्थान मिळाले, पर्यावरणाला मिळाले. आजचे पुष्कळसे विज्ञान एकट्या माणसाकडून होत नाही, हे सांघिक पुरस्काराने मान्य केले. या सगळ्या गोष्टी स्वागतार्ह आहेत.

परंतु तण उपटताना रोपेही उपटली जाणार नाहीत, ही काळजी घ्यावी लागते. जे दोनशेहून अधिक पुरस्कार होते त्यांतल्या कित्येकांचा मानकरी पस्तिशीच्या आतला असे. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९७४ साली तरुण शास्त्रज्ञांसाठी पदक सुरू केले, ते अशाच पहिल्या टप्प्यावरच्या संशोधकांसाठी. त्या पदकाने कोणी श्रीमंत झाला नाही. पण विभागप्रमुखाच्या मेहेरबानीवर दिवस काढणाऱ्या एखाद्या नवख्या अध्यापकाला त्या पदकामुळे विभागात मान वर करून बोलता येत असे. शिडीच्या वरच्या पायऱ्या रुंद आणि भक्कम केल्या, खालच्या मात्र काढून टाकल्या, तर त्या शिडीचा उपयोग आधीच वर असलेल्यांनाच होणार.

येथे 'तरुण' कोणास म्हणावे, हा प्रश्न उपस्थित होतो. सरकारी कचेरीत ४५ वर्षांचा कारकून निवृत्तीच्या वेतनाचा हिशेब मनाशी करू लागतो. शास्त्रज्ञाला मात्र आपण त्या वयापर्यंत तरुण म्हणतो, आणि यात नियम करणाऱ्यांचा फारसा दोष नाही. आपल्याकडे शास्त्रज्ञाचे तारुण्य सुरूच उशिरा होते. एम.एस्सी. होईतो वय तेविसाच्या आसपास जाते, पीएच.डी. हाती पडेपर्यंत तिशी येते. मग दोन-तीन किंवा अधिक वर्षे परदेशातल्या अथवा येथल्या एखाद्या प्रयोगशाळेत तात्पुरत्या शिष्यवृत्तीवर काढावयाची. त्यानंतर पक्की नोकरी मिळाली तर पस्तिशी उलटलेली असते. पुढची दोन-चार वर्षे उपकरणांच्या निविदा, विजेची जोडणी आणि मंजुरीची कागदपत्रे यांत जातात. स्वतःच्या प्रयोगशाळेतला पहिला भरीव निष्कर्ष हाती येईपर्यंत चाळिशी दारात उभी असते. म्हणजे ४५ ही मर्यादा उदारतेमुळे ठेवली गेलेली नसून आपल्या व्यवस्थेच्या संथपणाची ती कबुली आहे. नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर आपला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडला तो पंचविशी-सव्विशीत. त्याच तोडीची बुद्धी असलेला आजचा मुलगा त्या वयात आपल्याकडे संशोधनवृत्तीच्या हप्त्याची वाट पाहत असतो.

ही अतिशयोक्ती नाही. २०२३ सालच्या जानेवारीपासून कनिष्ठ संशोधनवृत्ती महिना ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये करण्यात आली. वाढ योग्य होती, पण ती मिळविण्यासाठी विद्यार्थ्यांना देशभर निदर्शने करावी लागली. आणि वाढलेली रक्कम वेळेवर हातात पडते असेही नाही. केंद्राच्या प्रतिष्ठित योजनांतील संशोधकांनाही कित्येक महिने पैसे न मिळाल्याच्या तक्रारी २०२४ आणि २०२५ मध्ये सातत्याने प्रसिद्ध झाल्या. खोलीचे भाडे तुंबलेले, घरी पैसे पाठविता येत नाहीत, उलट घरून मागवावे लागतात, अशा स्थितीत जो तरुण आपला प्रयोग पूर्ण करतो त्याला वयाच्या ४४ व्या वर्षी राष्ट्रपती भवनात पदक मिळण्याची शक्यता आहे, असे सांगितल्याने त्याचा हुरूप कितीसा वाढणार?

आता निवडीच्या प्रश्नाकडे वळतो. माझ्या मते या साऱ्या विषयातला कळीचा मुद्दा हाच आहे. भटनागर पारितोषिकाला जी प्रतिष्ठा होती ती रकमेमुळे आलेली नव्हती आणि ते कोणाच्या हस्ते मिळे त्यामुळेही नव्हती. त्या त्या शाखेतल्या तज्ज्ञांनी, ज्यांना त्या कामातले बरेवाईट कळते अशांनी, नाव सुचविले आणि निवडले, या विश्वासातून ती आली होती. तेथेही गटबाजी नव्हती असे नाही. माणसे आली की गट आलेच. तरी सर्वसाधारण समज असा होता की चुकले तर शास्त्रज्ञ चुकले. त्यात इतर कोणाचा हात नाही.

नव्या योजनेत निवड-समितीचे अध्यक्ष सरकारचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार आहेत आणि समितीत विज्ञानखात्यांचे सचिव, विज्ञान अकादमींचे प्रतिनिधी व काही तज्ज्ञ असतात. २०२४ ची पहिली यादी जाहीर झाली आणि लवकरच असे वृत्त प्रसिद्ध झाले की समितीने सुचविलेल्यांपैकी काही नावे अंतिम यादीत आली नाहीत, आणि त्यांत सरकारच्या धोरणांवर जाहीरपणे टीका केलेल्या शास्त्रज्ञांची नावे होती. पूर्वीचे भटनागर मानकरी आणि इतर अनेक शास्त्रज्ञ यांनी प्रधान वैज्ञानिक सल्लागारांना पत्रे लिहून निवडीची पद्धत स्पष्ट करावी, अशी मागणी केली. ही पत्रे लिहिणारे लोक मोर्चे काढणाऱ्यांतले नव्हेत. आपापल्या प्रयोगशाळेत मान खाली घालून काम करणारी ही माणसे आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचे वेतन व अनुदान सरकारी तिजोरीतूनच येते. त्यांनी नावानिशी सही करून विचारणा करावी, याला काही अर्थ आहे.

सरकारच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो, तो असा की पुरस्कार राष्ट्राचा आहे, सबब अखेरचा शब्द सरकारचा असावा. पद्म पुरस्कारांचेही तसेच असते. हा युक्तिवाद वरवर बरोबर वाटतो. परंतु पद्म पुरस्कार हा सार्वजनिक जीवनातील योगदानाचा गौरव आहे आणि त्याच्या निवडीत सरकारचा विवेक चालतो, हे सर्वांना ठाऊक असते. एखाद्या गणिती सिद्धतेचे किंवा रेणूच्या रचनेचे मोल ठरविण्याचा अधिकार मात्र मंत्रालयातल्या नस्तीवरून कसा येणार? सिद्धता बरोबर असेल तर ती लिहिणाऱ्याने काल सभेत काय म्हटले यावरून ती चूक ठरत नाही. तज्ज्ञांच्या समितीचा निर्णय अंतिम मानावा, आणि तो बदलावयाचा असेल तर कारण लेखी द्यावे, एवढी साधी अट घातली तर सरकारची काहीच हानी होणार नाही. उलट, ती अट नसेल तर ज्यांना पुरस्कार मिळाला त्यांच्यावरच अन्याय होतो. २०२४ च्या यादीतले तरुण आपल्या कामाच्या बळावर तेथे पोचले. पण कोणाचे नाव गळाले म्हणून आपले आले, अशी कुजबूज त्यांच्या वाट्याला यावी, हे त्यांचे दुर्दैव आहे.

तरुण माणसावर याचा होणारा परिणाम अधिक सूक्ष्म असतो. सत्तरीतल्या शास्त्रज्ञाला पुरस्कार नाकारला तर तो हसून सोडून देईल. पस्तिशीतला अध्यापक मात्र पाहतो, शिकतो आणि सावध होतो. एखाद्या धरणाच्या, औषधाच्या किंवा पाठ्यपुस्तकाच्या प्रश्नावर शास्त्रज्ञ म्हणून आपले मत मांडावे की गप्प बसावे, हे तो अशा अनुभवांवरून ठरवितो. आणि गप्प बसण्याची सवय प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ठेवून आत जाता येत नाही.

स्त्रियांच्या बाबतीतली कहाणी जुनीच आहे, आणि तिचा दोष नव्या योजनेला देता येणार नाही. भटनागर पारितोषिकाच्या साडेपाचशेहून अधिक मानकऱ्यांत स्त्रियांची संख्या विशीच्या आसपास राहिली. पहिल्या मानकरी कलकत्ता विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जी, १९६१ साली. गणितात रामन परिमला यांना १९८७ मध्ये ते मिळाले. पदार्थविज्ञानात पहिली स्त्री, अदिती सेन-दे, मानकरी ठरेपर्यंत २०१८ साल उजाडले; म्हणजे पारितोषिक सुरू होऊन साठ वर्षे लोटली. २०२१ आणि २०२२ या शेवटच्या दोन वर्षांत मिळून २३ जण निवडले गेले आणि त्यांत एकही स्त्री नव्हती. विज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गांत मुलींची संख्या किती असते, हे आपल्या कोणत्याही महाविद्यालयातल्या अध्यापकाला विचारावे. मग मधल्या वीस वर्षांत त्या जातात कोठे? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांना २०१५ साली वैद्यकविज्ञानातील पारितोषिक मिळाले. अशी नावे आहेत, पण ती बोटांवर मोजावी लागतात. ज्या वर्षांत संशोधनाचा पाया घालावयाचा तीच वर्षे मुले लहान असण्याची. '४५ पर्यंत तरुण' ही अट पुरुषाला उदार वाटते, तीच स्त्रीच्या बाबतीत चार-पाच वर्षांनी आखूड झालेली असते. बाळंतपणासाठी व संगोपनासाठी खंडित झालेली वर्षे वयाच्या मर्यादेतून वजा करणे कठीण नाही. कारकुनी हिशेब आहे. पण तसा हिशेब करावयाचे कोणी मनावर घ्यावयास हवे.

आणखी एक गोष्ट मानकऱ्यांच्या यादीत नावाच्या शेजारी लिहिलेल्या पत्त्यांवरून कळते. भारतीय विज्ञान संस्था, टाटा संस्था, आय.आय.टी., आयसर, राष्ट्रीय प्रयोगशाळा यांचीच नावे पुन्हा पुन्हा येतात. महाराष्ट्राला मिळणारा वाटाही मुख्यतः कुलाबा, पवई आणि पुण्यातले पाषाण-गणेशखिंड यांच्या पलीकडे जात नाही. नेहमीच असे नव्हते. असीमा चटर्जी विद्यापीठातल्याच. मुंबई विद्यापीठाच्या माटुंग्यातील रसायन-तंत्रज्ञान विभागात मनमोहन शर्मा १९६४ साली सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले आणि १९७३ साली अभियांत्रिकीतले भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळालेले ते पहिले भारतीय अभियंते ठरले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी देशभरचे रासायनिक कारखाने आणि प्रयोगशाळा चालविल्या. सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापकपद देण्याचे धाडस तेव्हा एका राज्य विद्यापीठाने केले होते, हे आज सांगितले तर विद्यापीठाच्या आस्थापना विभागातली मंडळी सेवाज्येष्ठतेची नियमावली पुढे करतील. आज आपल्या राज्य विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि पीएच.डी. झालेले तरुण तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाला अमुक रुपये या मोलाने, शिकवितात. उन्हाळी सुट्टीत त्यांना तेही मिळत नाहीत. या मंडळींचे नाव राष्ट्रीय पुरस्कारासाठी कोण सुचविणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण येथे उलटी लागू पडते. आडात पाणी असेल, पण तिथवर पोहरा जातच नाही.

पैशाच्या प्रश्नाचा उल्लेख वर केला. भटनागर पारितोषिकात पाच लाख रुपये रोख मिळत आणि त्याशिवाय वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत महिना १५ हजार रुपये मिळत. नव्या पुरस्कारात सनद आणि पदक आहे, रक्कम नाही. काही शास्त्रज्ञांना हे कमीपणाचे वाटले. मला तसे वाटत नाही. पुरस्कार पैशाविना देणे ही चांगली प्रथा होऊ शकते, भटनागरांची लाहोरची हकीकत त्याच बाजूने साक्ष देते. पण त्या हकीकतीचा उत्तरार्ध विसरून चालणार नाही. पैसा भटनागरांनी घेतला नाही, तरी तो विद्यापीठाला मिळाला आणि त्यातून संशोधन झाले. येथे व्यक्तीचा पैसा थांबला आणि प्रयोगशाळेकडे काही गेले नाही, ही अर्धीच नक्कल झाली. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने 'स्वर्णजयंती' संशोधनवृत्ती सुरू करण्यात आली, तिची कल्पना यापेक्षा पुष्कळ सरस होती: तीस ते चाळीस वयाच्या शास्त्रज्ञाची कसून परीक्षा करून निवड करावयाची आणि मग पाच वर्षे त्याला पगाराखेरीज वृत्ती आणि संशोधनाचा खर्च देऊन मोकळे सोडावयाचे. तरुणांचा खरा राष्ट्रीय पुरस्कार कोणता, असे विचारले तर मी याच प्रकाराकडे बोट दाखवीन. विज्ञान युवा पुरस्काराच्या प्रत्येक मानकऱ्याच्या प्रयोगशाळेला असे पाच वर्षांचे मुक्त अनुदान जोडले, तर खर्च किती येणार? वर्षाला फार तर २५ मानकरी. केंद्राच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधावयास भिंग लागेल.

पैसा मुळातच नाही, असेही म्हणता येत नाही. संशोधनावरील आपला एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के, असा २०२०-२१ चा सरकारी आकडा आहे, आणि तो लाजिरवाणा आहे. पण २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांची बात झाली, त्यातला मोठा वाटा खाजगी क्षेत्राकडून यावा अशी अपेक्षा आहे. २०२५ मध्ये उद्योगांतील संशोधनासाठी एक लाख कोटींच्या निधीला मंजुरी मिळाली. आकडे मोठे आहेत. शोधनिबंध लिहिणाऱ्या तिशीतल्या माणसापर्यंत त्यातले किती आणि केव्हा पोचेल, हे पाहावयाचे.

वेळेचा मुद्दा याला लागूनच येतो. योजना आखताना असे ठरले होते की दरवर्षी ११ मे रोजी, तंत्रज्ञानदिनी, नावे जाहीर व्हावीत आणि २३ ऑगस्टला, चांद्रयान उतरले त्या दिवशी, पुरस्कार दिले जावेत. पहिल्याच वर्षी नावे ऑगस्टमध्ये जाहीर झाली आणि दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात. युवा मानकऱ्यांची संख्या २५ पर्यंत असू शकते. पहिल्या वर्षी १८ झाली, दुसऱ्या वर्षी १४. शंभर कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात ४५ वर्षांखालचे २५ गुणी शास्त्रज्ञ सापडू नयेत, हे संभवत नाही.

शेवटी शाळेतल्या मुलांकडे यावयास हवे, कारण या वर्तमानपत्राच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत आणि तरुण शास्त्रज्ञांची खरी निवड त्यांच्याच वर्गात सुरू होते. १९६३ साली दिल्लीत दहा शिष्यवृत्त्यांनिशी विज्ञान-प्रज्ञाशोध परीक्षा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती देशभर पसरली. हीच पुढे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा झाली. तालुक्याच्या गावातला दहावीचा मुलगा शिक्षकाने दिलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून या परीक्षेला बसे, आणि उत्तीर्ण झाला तर पुढे पीएच.डी.पर्यंत त्याच्या मागे सरकारचा हात असे. रक्कम किरकोळ होती, अकरावी-बारावीला महिना साडेबाराशे रुपये. पण आपल्या गावातून आपण देशाच्या यादीत गेलो, ही भावना किरकोळ नव्हती. २०२१ मध्ये योजनेची मुदत संपली आणि ही परीक्षा थांबली. १९९९ साली सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेमार्फत चाले. तीही २०२२ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन करण्यात आली. त्याच वर्षी मोठ्यांच्या पुरस्कारांची फेररचना सुरू झाली, आणि तीवर मंत्रालयात बैठका झाल्या, समित्या नेमल्या गेल्या, पदकांची रचना ठरली.

दहावीच्या त्या परीक्षेचे काय, असे विचारणारी पत्रे शाळांकडून गेली असतील. प्रश्नपत्रिकांचे जुने गठ्ठे अजून कित्येक शाळांच्या कपाटांत आहेत, आणि हुशार मुलगा दिसला की ते बाहेर काढावयाची शिक्षकांची सवय अजून गेलेली नाही.